वीज कडाडण्याआधी: घरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्जपासून कशी वाचवायची

विजांचं वादळ होऊन गेल्यावर घरात काय काय गेलं ते पाहिलं, तर बहुतेक वेळा यादी तीच निघते: राउटर, सेट-टॉप बॉक्स, टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट, बाहेरच्या भिंतीवरचा कॅमेरा. त्याच घरातला पंखा, इस्त्री आणि गिझर मात्र धडधाकट असतात. नाजूकपणाचा भाग आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. राउटर, बॉक्स आणि कॅमेरा यांना दोन वेगवेगळ्या वाटांनी तारा येतात. एक वीजपुरवठ्याची, दुसरी डिशची, केबलची किंवा लॅनची. सर्ज, म्हणजे तारेतून येणारा व्होल्टेजचा क्षणिक मोठा धक्का, एका वाटेने आत शिरतो आणि दुसरीने बाहेर पडतो. मधे जे सापडतं ते जळतं.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे. घरात शिरणारी प्रत्येक धातूची तार एकाच ठिकाणी, एकाच अर्थिंगशी बांधलेली हवी. हे जमलं नाही तर महागातलं महाग यंत्र बसवूनही राउटर मरतो. आणि हे जमलं, तर साध्या सामानातही घर बऱ्यापैकी सुरक्षित होतं.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. विजेच्या एका झटक्यात साधारण 30,000 अँपिअर प्रवाह असतो आणि मोठा झटका 2 लाखांच्याही वर जातो. तो थेट घरावर पडला तर कोणतंही घरगुती उपकरण शंभर टक्के हमी देत नाही. पण बहुतेक नुकसान थेट पडलेल्या विजेने होत नाही. वीज जवळच्या लाइनवर, झाडावर किंवा काहीशे मीटरवर जमिनीत पडते आणि तारांमध्ये काही हजार व्होल्टचा धक्का उमटवते. हा धक्का अडवता येतो. लेखातले आकडे 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे आहेत.

डीबीच्या, म्हणजे घरातल्या मेन स्विच आणि फ्यूजच्या डब्याच्या (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), आतलं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर वीज जिवंत असते, हे विसरून अपघात होतात. तुमचं काम म्हणजे काय हवं ते ठरवणं, योग्य वस्तू आणणं आणि ती कशी बसते आहे ते उभं राहून पाहणं.

1. आधी आजार ओळखा: सर्ज की जादा व्होल्टेज?

गोंधळ इथूनच सुरू होतो. "व्होल्टेज वाढलं आणि जळलं" असं आपण एका वाक्यात म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

सर्ज म्हणजे मायक्रोसेकंदांचा खेळ. व्होल्टेज हजारोंमध्ये जातं आणि डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतं. कारणं: वीज पडणं, लाइनवरची मोठी स्विचिंग, गेलेला पुरवठा परत येणं, घरातलीच मोटर किंवा कॉम्प्रेसर बंद होणं. यावर एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, काम करतं.

जादा व्होल्टेज म्हणजे 230 ऐवजी 300 किंवा 380 व्होल्ट, तेही सेकंदांपासून तासांपर्यंत. याचं सगळ्यात वाईट कारण म्हणजे थ्री-फेज लाइनचं न्यूट्रल तुटणं. यावर एसपीडीचा उपयोग नाही, उलट एसपीडीच जळतं. इथे व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो.

स्टॅबिलायझर या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. तो रिलेने ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतो. त्याला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात, तेवढ्यात सर्ज येऊन, जाळून, निघूनही गेलेला असतो. स्टॅबिलायझर आहे म्हणजे विजेपासून संरक्षण आहे, ही समजूत काढून टाका. इन्व्हर्टर आणि साध्या यूपीएसचंही तेच. मेन पुरवठा चालू असताना त्यांतला बराचसा प्रवाह सरळ पलीकडे जातो.

2. घरात शिरणाऱ्या तारांची यादी करा

कागद-पेन घेऊन घराभोवती एक फेरी मारा. बाहेरून आत येणारी धातूची प्रत्येक तार लिहून काढा. नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी या:

- डिश अँटेनाची किंवा केबल टीव्हीची कोॲक्स
- टेलिफोनची तांब्याची जोडी
- बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या लॅन केबल
- बोअरवेलच्या पंपाची आणि गेटच्या मोटरची केबल
- अंगणातले दिवे, दारावरची बेल, इंटरकॉम
- गच्चीवरच्या सोलर पॅनलच्या डीसी तारा
- फायबरच्या केबलला आधार म्हणून असलेली पोलादी तार

प्रत्येकीपुढे ती घरात कुठून शिरते ते लिहा. मीटर आणि डीबी घराच्या एका टोकाला आणि डिशची केबल दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून, हे चित्र फार घरांत दिसतं. त्या दोन तारा टीव्हीपाशी भेटतात तेव्हा मधे घराएवढं मोठं वेटोळं तयार झालेलं असतं. जवळ वीज पडली की तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण होतं आणि ते नेमकं टीव्हीच्या पोर्टवर येऊन फुटतं. त्यामुळे नवीन घर बांधत असाल किंवा वायरिंग बदलत असाल, तर सगळ्या केबल एकाच भिंतीतून, डीबीच्या जवळून आत आणा. याला खर्च नाही, आणि नंतर कुठल्याही यंत्राने हा फायदा पुरता भरून निघत नाही.

3. अर्थिंग तपासा, आणि ती एकच आहे ना ते पाहा

एसपीडी सर्ज गिळून टाकत नाही, तो दुसरीकडे वळवतो. वळवायला जागाच नसेल तर त्याचा अर्धाअधिक उपयोग संपला.

मल्टिमीटरने सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं 2-3 व्होल्टच्या आसपास असावं. फेज-अर्थ फारच कमी किंवा भलतंच आलं तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. न्यूट्रल-अर्थ सतत नेमकं शून्य दाखवत असेल, पंप किंवा गिझर लावल्यावरही हलत नसेल, तर सॉकेटच्या आत कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेत का ते उघडून पाहायला सांगा. असं जोडणं जिवावर बेतू शकतं. न्यूट्रल सुटलं की उपकरणाच्या धातूच्या अंगावर थेट फेज येतो.

मात्र एका सापळ्यापासून सावध राहा. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की अगदी कामातून गेलेली अर्थिंगही त्याला 230 व्होल्ट दाखवते. तार जोडलेली आहे एवढंच त्यातून कळतं, ती किती चांगली आहे ते कळत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टरनेच माप घ्यायला हवं. जमिनीत दोन खुंट्या ठोकून, मधे ठरावीक अंतर राखून हे माप घेतात. माप उन्हाळ्यात, माती कोरडी असताना घ्या. पावसाळ्यात आलेला सुंदर आकडा उन्हाळ्यात तिप्पट झालेला असू शकतो. 10 ओहमच्या आत आला तर उत्तम. जास्त असेल तर आणखी एक रॉड ठोकून पहिल्याला जोडतात. दोन रॉडमधलं अंतर निदान रॉडच्या लांबीएवढं ठेवा, नाहीतर दोघं मातीचा तोच भाग वापरतात आणि फरक पडत नाही. खड्ड्यात मीठ टाकून आकडा खाली येतो खरा, पण मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि जाता जाता इलेक्ट्रोड गंजवून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "डिशसाठी वेगळी अर्थिंग केली," "सर्व्हरसाठी स्वतंत्र स्वच्छ अर्थ घेतली," असं अभिमानाने सांगितलं जातं. ही चूक आहे. हिशेब करून पाहा: 5,000 अँपिअर प्रवाह 10 ओहमच्या अर्थिंगमधून गेला, तर त्या अर्थिंगची पातळी क्षणभर 50,000 व्होल्टने वर उचलली जाते. घरातलं सगळं एकाच अर्थिंगला बांधलेलं असेल तर सगळं एकत्र वर जातं, एकत्र खाली येतं, आणि उपकरणांना फारसं काही जाणवत नाही. शेजारी दुसरी, न जोडलेली अर्थिंग असेल तर ती शून्यावरच राहते आणि दोहोंमधला फरक तुमच्या टीव्हीच्या आत फुटतो. घराभोवती कितीही रॉड असू द्या, ते सगळे जमिनीखालून किंवा पायालगत जाड तांब्याने एकमेकांना जोडलेले हवेत. चांगली अर्थिंग हवीच, पण तिच्याही आधी ती एक हवी.

इमारतीवर तडितरोधक असेल तर त्याची उतरती तारही याच जाळ्याला जोडलेली असली पाहिजे. आणि छतावर तडितरोधक आहे म्हणून आतली उपकरणं वाचतील असं समजू नका. तो इमारतीला आग आणि भेगांपासून वाचवतो. त्याच्या तारेतून उतरणारा प्रवाह आतल्या वायरिंगमध्ये सर्ज निर्माण करतोच.

4. डीबीमध्ये एसपीडी बसवा

कोणता प्रकार घ्यायचा

वेष्टनावर आणि अंगावर चौकटीत टी1, टी2, टी3 असं लिहिलेलं असतं.

टाइप 1 थेट विजेच्या प्रवाहाचा मोठा वाटा पेलतो. छतावर तडितरोधक असेल किंवा उघड्या माळरानावर, लांब उघड्या तारांच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर हा घ्या. टाइप 2 हा नेहमीच्या घराच्या डीबीसाठी. टाइप 3 उपकरणाजवळ, आणि तो एकटा कधीच लावायचा नाही, त्याच्या मागे टाइप 2 हवाच. टाइप 1 आणि 2 एकत्र असलेलं मॉडेलही मिळतं, आणि जिथे विजा जास्त पडतात तिथे मी तेच सुचवेन.

टाइप 2 घेताना हे आकडे पाहा:

- सतत सहन करायचं व्होल्टेज: 275 व्होल्ट किमान. पुरवठा वरचेवर 250 च्या पुढे जात असेल तर 320 व्होल्टचा घ्या.
- नेहमीचा डिस्चार्ज प्रवाह: 20 किलोअँप, कमाल 40 किलोअँप. टाइप 1 मध्ये 12.5 किलोअँपचा वेगळा, कडक चाचणीचा आकडा असतो. तो 40 पेक्षा लहान दिसतो म्हणून कमी समजू नका. त्या चाचणीतली लाट कितीतरी जास्त वेळ टिकते.
- संरक्षण पातळी, म्हणजे सर्ज आला तरी एसपीडी पलीकडे जाऊ देतो ते व्होल्टेज: 1.5 किलोव्होल्ट किंवा कमी. घरगुती उपकरणं साधारण 2.5 किलोव्होल्टचा क्षणिक धक्का सोसतील अशी बनवलेली असतात, नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू 1.5 पर्यंत.
- मानक: आयईसी 61643-11 चा उल्लेख अंगावर छापलेला हवा.
- हिरवी-लाल खिडकी आणि ओढून काढता येणारं कार्ट्रिज.

जोडणी कोणती

तुमच्या घराची अर्थिंग घराच्या स्वतःच्या रॉडवर अवलंबून असेल, पुरवठादाराकडून अर्थची तार येत नसेल, तर "1+1" जोडणीचा एसपीडी हवा. त्यात फेज आणि न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार वाढलं की प्रवाहाला वाट करून देणारा भाग) असतो आणि न्यूट्रल-अर्थमध्ये वायूने भरलेली ट्यूब. दोन्ही ध्रुवांना सरळ अर्थकडे व्हॅरिस्टर असलेला "2+0" अशा घरात का चालत नाही, ते समजून घ्या. व्हॅरिस्टर म्हातारा होऊन शॉर्ट झाला, तर 10 ओहमच्या अर्थिंगमधून फक्त 23 अँपिअर वाहतील. 32 अँपचा फ्यूज त्याने उडणार नाही. व्हॅरिस्टर धुमसत राहील आणि घरभर अर्थच्या तारेवर व्होल्टेज चढेल. दुकानदार "दोन्ही सारखेच" म्हणाला तरी ऐकू नका.

बसवताना कुठे चुकतं

सर्वांत जास्त नासाडी इथे होते, म्हणून थोडं सविस्तर.

एसपीडीकडे जाणारी आणि तिथून अर्थ बारला जाणारी तार, दोन्ही मिळून 50 सेंटिमीटरच्या आत हव्यात. कारण सरळ तारेलाही इंडक्टन्स, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण, असतो, मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री. सर्जचा प्रवाह 8 मायक्रोसेकंदांत 10,000 अँपिअरवर पोचला तर एका मीटर तारेवरच बाराशे व्होल्ट पडतात. 1.5 किलोव्होल्टचा एसपीडी आणलात आणि दीड मीटर तारेने जोडलात, तर उपकरणांना तीन किलोव्होल्टच्या वर मिळतील. तार जाड घेऊन यात फार फरक पडत नाही, लांबीच कमी करावी लागते.

आणि नेमकं इथेच काम करणाऱ्याचा हात चुकतो. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून तो हातभर तार जास्त ठेवतो, तिची दोन-तीन छान वेटोळी करतो, वर टाय बांधतो आणि झाकण लावतो. दिसायला काम एकदम नीटनेटकं दिसतं. पण ते वेटोळं म्हणजे गुंडाळी, कॉइल, आणि तिचा इंडक्टन्स सरळ तारेपेक्षा जास्त. झाकण लागण्याआधी आत डोकावा आणि असं काही दिसलं तर तार तिथेच कापून सरळ, छोटी करायला सांगा. काटकोनातले कडक वळसेही टाळायला सांगा.

तारेची जाडी टाइप 2 साठी अर्थकडे किमान 6 चौरस मिलिमीटर तांबं, टाइप 1 साठी 16. टोकांना लग किंवा थिंबल क्रिंप करून मगच स्क्रू आवळायचे.

क्रम असा ठेवा: मेन स्विच, त्याच्या लगेच खाली एसपीडीची शाखा, मग आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह गळला की पुरवठा तोडणारा स्विच), मग बाकीचे एमसीबी (प्रवाह जादा झाला की पडणारे स्विच). एसपीडी आरसीसीबीच्या नंतर लावला तर अर्थकडे जाणारा प्रत्येक मोठा सर्ज आरसीसीबी पाडेल. तुम्ही गावाला गेलेले असाल तर फ्रिज तसाच बंद पडून राहील.

एसपीडीच्या मागे किती क्षमतेचा फ्यूज किंवा एमसीबी लावायचा ते त्याच्या पत्रकात लिहिलेलं असतं. अंदाजाने 6 अँपचा एमसीबी लावू नका, पहिल्याच सर्जला तो पडतो. आणि तो पडलेला कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घरातलं सगळं नेहमीसारखं चालू असतं. संरक्षण तेवढं गेलेलं असतं.

डीबीपासून तारेच्या लांबीने 10 मीटरपेक्षा दूर असलेल्या महागड्या उपकरणाजवळ टाइप 3 हवा. दुसऱ्या मजल्यावर वेगळा डीबी असेल तर तिथेही एक टाइप 2 बसवा.

सोलरच्या डीसी बाजूला डीसीसाठीच बनवलेला एसपीडी लागतो. एसीचा तिथे लावला तर तो निकामी होताना पडलेली ठिणगी विझत नाही, कारण डीसीमध्ये प्रवाह शून्यावर येण्याचा क्षणच नसतो. यातून आग लागते.

5. न्यूट्रल तुटण्याची तयारी

रस्त्यावरच्या थ्री-फेज लाइनचं न्यूट्रल तुटलं की तीन फेजवरची घरं न्यूट्रलऐवजी एकमेकांमधूनच जोडली जातात. ज्या फेजवर कमी उपकरणं चालू आहेत तिथल्या घरांना जास्त व्होल्टेज मिळतं, जवळजवळ 400 पर्यंत. लक्षण ओळखायला सोपं आहे: काही घरांतले दिवे अचानक डोळे दिपवतात आणि शेजारच्या घरात मंद होतात. असं दिसलं की विचार न करता मेन स्विच पाडा.

पण रात्री दोन वाजता तुम्ही झोपलेले असाल. म्हणून डीबीत, एसपीडीच्या नंतर, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. डीन रेलवर (डीबीतल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मेन एमसीबीच्या तोडीच्या अँपचा. वरची मर्यादा 265 ते 270 व्होल्ट, खालची 170 ते 180. परत जोडणीचा वेळ 3 मिनिटं ठेवा. कारखान्यातून तो बऱ्याचदा काही सेकंदांवर येतो, आणि तो तसाच राहिला तर फ्रिजचा आणि एसीचा कॉम्प्रेसर दाब उतरण्याआधीच पुन्हा सुरू व्हायला बघतो.

6. डिश, लॅन, टेलिफोन आणि फायबर

डिशचा खांब किमान 16 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने घराच्या मुख्य अर्थिंगला जोडा. कोॲक्स घरात शिरते तिथे कोॲक्ससाठीचा सर्ज अरेस्टर लावा आणि त्याची अर्थ तार त्याच अर्थिंगला न्या. विकत घेताना दोन गोष्टी विचारा: तो डीसी पुढे जाऊ देतो का, कारण बॉक्स डिशवरच्या एलएनबीला (डिशसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग) 13 किंवा 18 व्होल्ट याच केबलमधून पाठवतो, आणि 2,150 मेगाहर्ट्झपर्यंत चालतो का. फक्त केबल टीव्हीसाठी बनलेला लावला तर चॅनल गायब होतील.

बाहेरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल आत आल्याबरोबर पीओई (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देण्याची पद्धत) चालणाऱ्या अरेस्टरमधून न्या. अरेस्टरची अर्थ तार न जोडता तसाच लटकत ठेवलेला असतो, हे फार वेळा दिसतं. तसा तो निव्वळ जोडणीचा एक तुकडा आहे. गेटवरची खोली, गोठा, शेड अशा वेगळ्या इमारतीत नेट न्यायचं असेल तर तांब्याची लॅन टाकूच नका. दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल फायबरवर आणि परत लॅनवर आणणारे डबे) घ्या आणि मधे फायबर टाका, किंवा वायरलेस दुवा वापरा.

फायबर काच आहे, तिच्यातून सर्ज येत नाही. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या केबलला काचेशेजारी एक पोलादी तार चिकटलेली असते, केबल ताणून बांधता यावी म्हणून. ती भिंतीबाहेरच्या हुकालाच संपायला हवी. जोडणी करणारा माणूस घाईत ती काचेसकट थेट राउटरच्या मागपर्यंत आणतो. काळ्या केबलचं टोक निरखून पाहा: एका कडेला जाडसर गोल तार, मधल्या चपट्या भागात काचेचा केसासारखा तंतू आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक तारा. या बारीक तारा कधी पोलादाच्या, कधी फायबरग्लासच्या असतात. सोललेल्या टोकाला चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद. तसं असेल तर घरात फक्त बिनधातूची केबल आणायला आणि जोड भिंतीबाहेरच्या डबीत करायला सांगा. नवीन जोडणीच्या दिवशी हे दहा मिनिटांत होतं, नंतर कुणी फिरकत नाही.

टेलिफोनची तांब्याची लाइन वापरात नसेल तर ती भिंतीबाहेरच कापून टाका. मेलेल्या तारेतूनही सर्ज येतो.

7. स्पाइक गार्ड: खरा आणि नुसता

स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्या म्हणजे स्विच, लाल दिवा आणि एक फ्यूज. ज्यूलमधला आकडा आणि संरक्षण व्होल्टेज छापलेलं नसेल तर तो एक्स्टेंशन बोर्डच समजा. निदान 1,000 ज्यूलचा आणि संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा असलेला घ्या. आतला व्हॅरिस्टर झिंक ऑक्साइडच्या कणांचा असतो आणि प्रत्येक मोठ्या सर्जबरोबर थोडा थोडा झिजतो. म्हणून दहा वर्षांची जुनी पट्टी वीज देत असली तरी संरक्षण देत असेलच असं नाही.

टीव्ही आणि राउटरसाठी अशी पट्टी निवडा जिच्यात विजेबरोबर कोॲक्स आणि लॅनचेही पोर्ट आहेत. मग दोन्ही वाटा एकाच डब्यात, एकाच अर्थशी बांधल्या जातात. अर्थ नसलेल्या दोन पिनी सॉकेटवर, किंवा एका पट्टीत दुसरी पट्टी खोचून, यातलं काहीही धड चालत नाही.

8. ढग दिसल्यावर

सगळं बसवलं तरी प्लग काढून ठेवण्याइतकं पक्कं काहीच नाही. भिंतीवरचा स्विच बंद करणं पुरत नाही. तो फक्त फेज तोडतो, तोही काही मिलिमीटरच्या फटीने, आणि न्यूट्रल व अर्थ जोडलेलेच राहतात. मैलभर हवा ओलांडून आलेल्या विजेला ती फट काय अडवणार? प्लग पूर्ण बाहेर काढा आणि हातभर दूर ठेवा.

क्रम: आधी उपकरण बंद, मग प्लग, मग त्याला लागलेली कोॲक्स आणि लॅन. फक्त प्लग काढून डिशची केबल तशीच ठेवणं ही नेहमीची चूक.

वेळ गाठणं महत्त्वाचं आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर 3 सेकंदांना साधारण 1 किलोमीटर. 30 सेकंदांवर, म्हणजे 10 किलोमीटरवर वीज आली की तारांना हात लावायची वेळ संपली. त्यानंतर प्लग काढायला जाऊ नका. उपकरण गेलं तर जाऊ दे, हातात तार असताना सर्ज यायला नको. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा आणि मगच परत जोडा.

नेट चालू हवंच असेल तर एक सोपी युक्ती आहे. फायबरची जोडणी बिनधातूची असेल, तर राउटर छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरी यूपीएसवर चालवा आणि त्या यूपीएसचा ॲडॉप्टर भिंतीतून काढून ठेवा. लॅनच्या तारा काढा, वायफायवर काम करा. आता त्या राउटरला बाहेरून एकही धातूची तार जोडलेली नाही.

पुरवठा मधेच गेला तर फ्रिज, एसी, टीव्ही यांचे प्लग काढा किंवा त्यांचे एमसीबी पाडा, आणि वीज परत आल्यावर 5 मिनिटं जाऊ द्या.

9. वादळ गेल्यावर

डीबी उघडून एसपीडीची खिडकी पाहा. हिरवी असेल तर ठीक. लाल झाली असेल तर कार्ट्रिज संपलं. त्याच कंपनीचं, तेच मॉडेल आणून त्याच आठवड्यात बदला, पुढच्या वादळाची वाट पाहू नका. एसपीडीचा एमसीबी वर आहे ना ते बघा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का तेही पाहा, सर्जने तो अडकू शकतो. जळका वास किंवा काळा डाग दिसला तर मेन बंद आणि इलेक्ट्रिशियनला फोन.

मग उपकरणं एकेक करून जोडा, मधे पुरेसा वेळ सोडून. राउटर मेला वाटला तर आधी ॲडॉप्टरचं व्होल्टेज मोजा. पुष्कळदा 12 व्होल्टचा ॲडॉप्टर गेलेला असतो आणि राउटर चांगला असतो. राउटर चालू होतोय पण नेट नाही, तर दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये केबल घालून बघा. एखादाच पोर्ट जळून बाकीचे शाबूत राहतात. टीव्हीतही तसंच, दुसरा एचडीएमआय पोर्ट वापरून पाहा. जी वस्तू वाचली पण नेहमीपेक्षा जास्त तापते किंवा गुणगुणते, ती पुढचे काही दिवस कुणी घरात नसताना चालू ठेवू नका.

विमा असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी ही कागदपत्रं जमा करा: खरेदीचं बिल, मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो, जळलेल्या भागाचा आणि लाल झालेल्या खिडकीचा फोटो, वादळाची तारीख-वेळ, आणि कारण स्पष्ट लिहिलेला तंत्रज्ञाचा अहवाल. "बोर्ड खराब" एवढंच लिहून चालत नाही; सर्जमुळे बिघाड झाला हे त्याच्याकडून लिहून घ्या. जळलेला बोर्ड दावा निकाली निघेपर्यंत फेकू नका. सिरियल नंबरच्या पट्ट्यांचे फोटो मात्र आजच काढून ठेवा, टीव्ही भिंतीवर चढवल्यावर त्या मागच्या बाजूला जातात.